बक्षीस एकालाच मिळते काय?



आज सामान्य काळातील विसावा रविवार. आजचे दुसरे वाचन इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातून घेतले आहे (इब्री १२:१-४). त्यात पत्रलेखक आपल्या श्रद्धेच्या जीवनाला शर्यत म्हणतो. अंगावरचे ओझे टाकून द्या, धीर धरून धावा आणि नजर येशूवर ठेवा, असे तो सांगतो. या वाचनावर बोलण्यापूर्वी आम्हाला एक कबुली द्यायची आहे. चूक आम्ही वेदीवरून केली होती, तेव्हा तिची दुरुस्तीही याच पानावर, सर्वांसमोर व्हायला हवी.

पोलीस भरती जवळ आली की आपल्या महागाव तालुक्यात पहाटे रस्त्याला माणसे दिसू लागतात, हे तुम्हाला माहीत आहेच. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचे असते. मैदान कोठे आहे? ज्याला जो रस्ता मिळेल तेच त्याचे मैदान. आपल्या धर्मग्रामातील एका घरी या तयारीत आम्ही दोन-तीनदा पाहुणे होतो. पोरगी भरतीची, पण धावत होते सगळे घर. वडिलांनी मोटारसायकलच्या मीटरवर ८०० मीटर मोजून कडुनिंबाच्या बुंध्यावर चुन्याची खूण केली होती. अंधारात ते तिच्या मागे गाडीचा दिवा धरून हळूहळू चालायचे, म्हणजे तिला पुढचा खड्डा दिसावा. धाकटा भाऊ खुणेपाशी मोबाईलवर वेळ मोजायचा आणि एवढ्या जोराने ओरडायचा की शेजारची कुत्री उठायची. आई रात्री हरभरे भिजत घालायची. आजी पोरीच्या पोटऱ्यांना तेल चोळून द्यायची आणि चोळता चोळता जपमाळही म्हणायची. त्यानंतर सगळे निंदणाला शेतात.

भरतीच्या आदल्या रविवारी आम्ही अशा सर्व तरुण-तरुणींना वेदीपुढे बोलावले आणि आशीर्वाद दिला. इथपर्यंत ठीक होते. पण पुढे प्रवचनात संत पौलाने करिंथकरांना लिहिलेले शर्यतीचे उदाहरण घेऊन (१ करिंथ ९:२४-२७) आम्ही आवेशाने बोललो. जो प्रार्थना करतो त्याच्या पायांत देव बळ घालतो, बक्षीस एकालाच मिळते, तो एक तुम्ही व्हा, असे काहीसे. लोकांना प्रवचन आवडले. दोघा-तिघांनी मिस्सानंतर हातही मिळवला.

पोरगी काही सेकंदांनी मागे राहिली. पुढचे दोन रविवार ती मिस्साला आली नाही. तिसऱ्या रविवारी आई एकटीच आली आणि सर्व जण गेल्यावर तिने विचारले, ‘‘फादर, मंग आमच्या पोरीची प्रार्थना कमी पडली का जी?’’

आम्ही काहीतरी बोललो. देवाची योजना, पुन्हा प्रयत्न, वगैरे. तिने मान हलवली आणि ती निघून गेली. पण तो प्रश्न आम्हाला रात्री झोपू देईना, कारण तिने तो स्वतःच्या मनाने रचलेला नव्हता. आम्ही वेदीवरून जे सांगितले त्याचा तिने सरळ हिशेब केला होता. जिंकणाऱ्याची प्रार्थना ऐकली गेली असेल तर हरणाऱ्याची ऐकली गेली नाही, हे ओघानेच आले. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञानाची पदवी घेतली, तर्कशास्त्राचा पेपरही दिला. पण आमच्या वाक्याचा निष्कर्ष काढून दाखवला तो निंदणाला जाणाऱ्या एका माउलीने.

म्हणून आम्ही ते पत्र पुन्हा उघडले. पौल करिंथ शहरात दीड वर्ष राहिला होता (प्रेषितांची कृत्ये १८:११). त्या शहराजवळच दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत असत. तंबू शिवणाऱ्या पौलाला खेळांच्या गर्दीत गिऱ्हाइके मिळाली असतील, शर्यतीही त्याने पाहिल्या असतील. तिथली मुख्य शर्यत एका मैदानाच्या लांबीची, साधारण १८० ते १९० मीटरची. विजेत्याला झाडपाल्याचा मुकुट, जो घरी नेईपर्यंत सुकू लागायचा. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाला मान नसे. करिंथच्या लोकांना हे सर्व ठाऊक होते, म्हणून पौलाने ते उदाहरण घेतले. पण उदाहरण घेऊन तो म्हणतो काय? तिकडे एकाला मिळते आणि ते सुकते. इकडे जे आहे ते सुकत नाही. आणि आयुष्याच्या शेवटी, आपली धाव संपवल्याचे तीमथ्याला कळवताना, तो आणखी एक पाऊल पुढे टाकतो. हा मुकुट मला एकट्याला नाही, प्रभूच्या येण्याची प्रेमाने वाट पाहणाऱ्या सर्वांना आहे, असे त्याचे सांगणे आहे (२ तीमथ्य ४:७-८). पौलाने मैदानावरून पळणाऱ्याची शिस्त घेतली, बक्षिसाचा नियम मात्र मैदानावरच सोडून दिला. आम्ही नेमका तो नियम उचलून वेदीवर आणला होता.

आपल्या जिल्ह्यात हे सांगणे अधिक निकडीचे आहे. यवतमाळचे नाव वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत कशासाठी येत राहिले ते इथे लिहायला नको. ‘आपण हरलो’ हा शब्द आपल्याकडच्या घरांत फार जड आहे. कापूस गेला, कर्ज थकले, पोराची भरती हुकली, की कर्ता माणूस गप्प होतो. अशा माणसापुढे धर्मगुरूने उभे राहून देव जिंकणाऱ्यांच्या बाजूचा आहे असे सुचवणे, मग ते किती का चांगल्या हेतूने असेना, हे पाप आहे. आम्ही सौम्य शब्द शोधून पाहिला, सापडला नाही.

आता एका घराविषयी थोडे सविस्तर लिहितो. तुमच्यापैकी अनेकांना लता भगवान करे हे नाव माहीत असेल. मोबाईलवर त्यांची गोष्ट बरीच फिरली, आणि फिरता फिरता तिच्यात रंगही भरला गेला. आम्ही मोजके तेवढेच सांगतो. हे कुटुंब मूळचे बुलढाणा जिल्ह्यातले. म्हणजे आपल्याच अमरावती धर्मप्रांताच्या हद्दीतल्या मातीतले. मुलींची लग्ने झाली, हातात काही उरले नाही आणि कामासाठी घर पश्चिमेकडे, बारामतीजवळच्या पिंपळी गावी गेले. तिथे शेतमजुरी. पती भगवान आजारी पडले. डॉक्टरांनी एमआरआय काढायला सांगितला. त्याला हजारो रुपये लागणार होते आणि घरात ते नव्हते. २०१३ साली बारामतीत मॅरेथॉन भरली, तिच्यात ज्येष्ठ नागरिकांसाठी तीन किलोमीटरची शर्यत होती आणि पहिल्याला रोख बक्षीस होते. साठी ओलांडलेल्या लताबाई नऊवारी नेसून, अनवाणी पायांनी धावल्या आणि पहिल्या आल्या. पुढच्या वर्षी त्या पुन्हा धावल्या, पुन्हा जिंकल्या.

या घरावर २०२० साली ‘लता भगवान करे’ नावाचा मराठी चित्रपट आला. त्याचे दिग्दर्शक नवीन देशबोईना. त्यात लताबाईंचे काम स्वतः लताबाईंनी केले, पतीचे काम पतीने केले. २०२१ च्या मार्चमध्ये राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले, तेव्हा या चित्रपटाचा विशेष उल्लेख झाला. त्याच वर्षी, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, भगवान करे वारले.

ही गोष्ट आम्ही यापूर्वी तरुणांच्या शिबिरात सांगितली आहे आणि दर वेळी बक्षिसापाशी थांबवली आहे. टाळ्या तिथेच पडतात ना! पण त्या माउलीच्या प्रश्नानंतर आम्हाला ती तशी सांगता येईना. समजा, लताबाई त्या दिवशी चौथ्या आल्या असत्या. पाय तेच, नऊवारी तीच, रस्त्यावरची खडी तीच, पतीसाठी काळजात असलेली कळ तीच. फक्त पुढे आणखी तिघी पोचल्या असत्या. मग त्यांच्या धावण्याचे मोल कमी झाले असते का? एमआरआयचे पैसे मिळाले नसते, हे खरे, आणि ते लहानसे दुःख नव्हे. पण शर्यत सुरू होण्याच्या रेषेवर त्या उभ्या राहिल्या तेव्हाच देवाच्या दृष्टीने जे घडायचे ते घडून गेले होते. एका बायकोने लोक काय म्हणतील हे बाजूला ठेवून आपल्या नवऱ्यासाठी जिवाचा आकांत केला होता.

सेमिनरीत ॲरिस्टॉटल शिकताना एक भेद आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. काही कृती अशा असतात की त्यांचे फळ त्यांच्या बाहेर असते, जसे घर बांधणे. घर उभे राहीपर्यंत काम अपुरेच. काही कृती मात्र प्रत्येक क्षणी पूर्ण असतात, जसे पाहणे. पाहतो आहे म्हणजे पाहून झालेलेच आहे. प्रेम दुसऱ्या प्रकारात बसते. बाहेरून लताबाईंचे धावणे पहिल्या प्रकारचे दिसत होते, आत ते दुसऱ्या प्रकारचे होते. पोटऱ्यांना तेल चोळणारी आमची आजीही याच प्रकारात मोडते. तिची जपमाळ वाया गेली नाही. ती म्हणत होती तेव्हाच पूर्ण झाली होती.

पण थांबा. केवळ प्रेमाची थोरवी गाऊन आपण सुटू शकत नाही. पुढचे आम्ही जरा रागाने लिहितो. एका म्हाताऱ्या मजूर बाईला नवऱ्याची तपासणी करून घेण्यासाठी शर्यत जिंकावी लागली, यात टाळ्या वाजवण्यासारखे किती आहे? तिच्या धैर्याला टाळ्या जरूर वाजवा. पण त्या टाळ्यांच्या आवाजात एक प्रश्न बुडून गेला. त्याच गावात, त्याच आठवड्यात, ज्या बायकांना धावता येत नव्हते त्यांच्या नवऱ्यांचे काय झाले असेल? बक्षीस एकालाच मिळते हा नियम मैदानावर शोभतो. तो दवाखान्याच्या दारात लागू झाला की माणसे मरतात. आपण ख्रिस्ती लोक बक्षीस समारंभाला हजर राहतो आणि तपासणीच्या चिठ्ठीला गैरहजर असतो. यात आम्ही स्वतःला प्रथम धरतो. आपल्या धर्मग्रामाच्या सणाला शर्यतींच्या बक्षिसांवर दर वर्षी जो खर्च होतो तो आम्ही या आठवड्यात वहीत पाहिला. आजाऱ्यांसाठीच्या पेटीत वर्षभरात जमलेले पैसे त्यापेक्षा कमी होते.

आता पुन्हा आजच्या वाचनाकडे येऊ. इब्रीकरांसच्या पत्रात शर्यतीआधी अकराव्या अध्यायात मोठी नामावळी आहे. आब्राहाम, सारा, मोशे, राहाब आणि कितीतरी. या सर्व साक्षीदारांनी आपल्याला ढगासारखे वेढले आहे असे पत्रलेखक म्हणतो. पूर्वी आम्ही हे चित्र असे समजायचो की जुने विजेते प्रेक्षकांच्या बाकांवर बसून आपली धाव पाहत आहेत. पण अकराव्या अध्यायाच्या अगदी शेवटच्या दोन ओळी (इब्री ११:३९-४०) नीट वाचा. तिथे लिहिले आहे ते चकित करणारे आहे. या थोर मंडळींना जे वचन दिले होते ते त्यांच्या हयातीत मिळाले नाही, आणि आपल्यावाचून त्यांनाही पूर्णता मिळायची नव्हती! म्हणजे पुढे पोचलेले लोक रेषेपाशी खोळंबले आहेत. आब्राहामासारखा आब्राहाम आपल्यासाठी थांबला आहे. महागावच्या कोपऱ्यातल्या, दोन रविवार मिस्सा चुकवलेल्या पोरीसाठी थांबला आहे. अशी शर्यत करिंथच्या मैदानावर कोणी पाहिली नसेल.

योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थानाच्या सकाळी पेत्र आणि दुसरा शिष्य कबरेकडे धावतात (योहान २०:३-८). दुसरा शिष्य पुढे निघून जातो, पहिला पोचतो, वाकून पाहतो, पण आत जात नाही. मागून धापा टाकत येणाऱ्या पेत्राला तो आधी आत जाऊ देतो. कोण पहिला आला हे योहानाने आवर्जून लिहून ठेवले आहे, हेही खरे. माणसाला ते सांगावेसे वाटतेच, आम्हाला त्याचे हसू येते. पण पहिला आलेला तिथे थांबला होता.

आणि धावणाऱ्यांमध्ये शुभवर्तमानातला सर्वांत मोठा कोण? आमच्या मते लूकच्या पंधराव्या अध्यायातला बाप. त्या काळच्या पूर्वेकडच्या देशांत घरातला वडील माणूस धावत नसे. लांब झगा वर खोचून, पोटऱ्या उघड्या टाकून पळणे हे त्याला कमीपणा आणणारे होते. तरीही मुलगा दूर दिसताच तो धावला. शर्यत हरून, सर्व उधळून परतलेल्या मुलाकडे धावला. आम्हाला हा बाप आणि नऊवारीचा काचा मारून पळणाऱ्या लताबाई एकाच रस्त्यावर दिसतात.

हे आपल्या काळातही एकदा साऱ्या जगाने पाहिले. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ब्रिटनचा डेरेक रेडमंड ४०० मीटरच्या उपांत्य फेरीत धावत होता. अर्ध्या वाटेपूर्वीच त्याच्या मांडीमागचा स्नायू फाटला. तो उठला आणि लंगडत पुढे निघाला. तेव्हा प्रेक्षकांतून त्याचे वडील जिम अधिकाऱ्यांना बाजूला सारत मैदानात उतरले, त्यांनी मुलाला खांद्याचा आधार दिला आणि दोघे रेषेपर्यंत चालत गेले. मुलगा बापाच्या खांद्यावर रडत होता. निकालपत्रकात त्याच्या नावापुढे क्रमांक नाही, कारण नियमाने मदत चालत नाही. जिम रेडमंड २०२२ साली वारले. त्या फेरीत पहिले कोण आले, हे आज किती जणांना आठवत असेल?

पालकांनो, तुम्हाला थोडे वेगळे सांगायचे आहे. मुलांनी मेहनत करू नये, पहाटे उठू नये, असे आम्ही म्हणत नाही. पौलसुद्धा शरीराला वळण लावतो, ताब्यात ठेवतो. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे वीटभट्टीवर राबणाऱ्या आई-बापांचा मुलगा, तो देशाचा धावपटू झाला तो मेहनतीनेच. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळवले. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत तो अकरावा आला. अकरावा आल्यावर त्याच्या घरच्यांनी चूल पेटवली नसेल काय? तुमच्या पोराची यादी लागली, नाव नव्हते, तर त्या रात्री घरात कोण आधी बोलतो, काय बोलतो, याकडे लक्ष द्या. शेजाऱ्याच्या पोराचे नाव त्या रात्री काढू नका. एवढेच.

त्या माउलीला आम्ही मागच्या आठवड्यात भेटायला गेलो. ती शेतातून नुकतीच आली होती, पायांना चिखल होता. आम्ही सांगितले, ‘‘बाई, प्रार्थना कमी पडली नव्हती. आमचे प्रवचन चुकले होते.’’ तिने पदराने हात पुसले आणि म्हणाली, ‘‘असू द्या फादर. तुमीबी माणूसच हाय.’’ मग चहा ठेवला. पोरगी दारात उभी होती, काही बोलली नाही. आजीने मात्र आम्हाला विचारून घेतले की पुढची भरती कधी आहे. आम्हाला ठाऊक नव्हते.

आजपासून आजाऱ्यांची पेटी देवळाच्या दाराशी, उजव्या हाताला ठेवली आहे. यंदाच्या सणाला शर्यती होतील, बक्षिसे म्हणून वह्या आणि पेने असतील. उरलेली रक्कम या पेटीत जाईल. ज्यांच्या घरी तपासणीची चिठ्ठी अडली आहे त्यांनी आम्हाला मिस्सानंतर किंवा रात्री केव्हाही भेटावे, नाव कोणाला कळणार नाही.

गुरुवारी पहाटे आम्ही दुसऱ्या गावी मिस्साला निघालो होतो. पाऊस भुरभुरत होता. कडुनिंबाच्या अलीकडे एक दिवा अगदी सावकाश पुढे सरकताना दिसला. दिव्याच्या उजेडात पोरगी धावत होती, आणि या वेळी धाकटा भाऊही तिच्या बरोबरीने, चपला हातात घेऊन. पुढे जायला वाट होती. आम्ही हॉर्न वाजवला नाही. चुन्याच्या खुणेपर्यंत त्यांच्या मागे मागेच गेलो. मिस्साला दहा मिनिटे उशीर झाला, त्या गावच्या मंडळींनी क्षमा करावी.

ख्रिस्तात आपले,
धर्मगुरू